भरू न दिलेली जखम

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला सांगता येणार नाही, आणि त्याच्या राजधानीच्या जागी म्हणे हल्ली हरभरा पिकतो. राज्य लहानसं होतं. एक नदी, एक डोंगर, एक बाजारपेठ, आणि भांडणं मात्र मोठ्या राज्याला पुरून उरतील इतकी.

ती भांडणं निवाड्याला यायची न्यायाधीशांकडे. त्यांचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्यांना शास्त्रीबुवाच म्हणत. अंगानं सडपातळ, बसायचे ताठ, आणि निकाल सांगण्याआधी तोंडात एक लवंग टाकायचे. लाच त्यांनी कधी घेतली नाही. राजाच्या मेव्हण्यालासुद्धा त्यांनी एकदा तुरुंगाची हवा दाखवली होती. म्हणून लोकांचा त्यांच्यावर जीव होता आणि थोडा धाकही होता.

त्यांच्या आधी त्या राज्यात शिक्षा कशी व्हायची ते विचारू नका. न्यायाधीशाचं पोट बिघडलेलं असलं तर वर्षभर कोठडी, जेवण झकास झालेलं असलं तर नुसती समज. श्रीमंताला खुर्ची, गरिबाला बेडी. शास्त्रीबुवांना या प्रकाराची मनस्वी चीड होती. न्यायासनावर बसल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मारहाणीच्या शिक्षेला माप घालून देण्याचं.

माप असं होतं. ज्यानं दुसऱ्याला मारून जखमी केलं, त्यानं ती जखम भरेपर्यंत तुरुंगात बसायचं. दर पौर्णिमेला जखमी माणसानं न्यायसभेत यायचं आणि वैद्यांनी जखम बघायची. ओली असली तर मारणारा आत. सुकून वर कातडी आली की मारणारा बाहेर. मग दोघांना समोरासमोर बसवून पानसुपारी द्यायची. पानसुपारी घेतली की वाद मिटला, पुन्हा त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. शेजारी असले तर शेजारी राहायचं, भाऊ असले तर एका पंगतीला जेवायचं, आणि नवराबायको असले तर बायकोनं त्याच दिवशी नवऱ्यामागून नांदायला जायचं.

साधं माप, पोरासोरांनाही समजेल असं. लोक खूश झाले. शास्त्रीबुवा तर फारच खूश झाले. शेजारच्या राज्यांतून माणसं हे माप शिकायला यायची, तेव्हा ते स्वतः बसून समजावून सांगत, आणि "जखम खोटं बोलत नाही," हे वाक्य हटकून म्हणत. आपल्यालाही एखादं वाक्य असं आवडून जातं, आणि मग ते खरं आहे का हे बघायचं राहूनच जातं. त्यातलाच हा प्रकार.

आता या राज्यात गुणाजी नावाचा एक कोठावळा होता. कोठावळा म्हणजे सरकारी धान्यकोठारांचा रखवालदार. कमरेला लोखंडी किल्ल्यांचा मोठा जुडगा, त्यामुळे तो कुठून येतो आहे हे सगळ्या आळीला आधी ऐकू यायचं. माणूस बोलायला साखर. म्हाताऱ्यांना हात धरून ओटा चढवणार, पोरांच्या मुठीत शेंगदाणे ठेवणार. आळीतल्या सासवा आपल्या लेकींना सांगायच्या, नवरा मिळाला तर असा मिळावा.

त्याच्या बायकोचं नाव राही. ती काही सांगायची नाही. तिला विचारायचंही कुणी नाही. एक दिवस ती रक्तानं भिजलेला हात पदरात गुंडाळून विहिरीवर आली आणि तिथेच बसली, म्हणून शेजारणींनी तिला न्यायसभेत नेलं. गुणाजीनं तिच्या डोक्यात दाराचा अडसर घातला होता. डोकं वाचवायला तिनं हात वर धरला, म्हणून डोक्याचं हातावर निभावलं. त्याआधीचे मार मुके होते. त्यांचं रक्त आलं नव्हतं, म्हणून त्यांची दादही कुठे लागली नव्हती.

शास्त्रीबुवांनी जखम बघितली, लवंग तोंडात टाकली, आणि नेहमीचा निकाल दिला. जखम भरेतो गुणाजी तुरुंगात. राहीचे आईवडील हयात नव्हते, तेव्हा ती तोवर साळूमावशीकडे राहील. साळूमावशी ही तिच्या आईची लांबची बहीण. गावाच्या टोकाला नदीकाठी तिचं पोह्यांचं कांडप होतं.

पहिल्या पौर्णिमेला राही आली. जखम ओली होती. दुसरीला आली, तरी ओली. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीची पणतीही विझली, तरी राहीची जखम काही भरेना. वैद्यबुवा लेप बदलत राहिले. लेप बदलता बदलता ते स्वतःच काळजीत पडले, कारण जखमेच्या भोवती आता सूज चढायला लागली होती.

एका सकाळी ते शास्त्रीबुवांच्या घरी आले आणि दार लोटून घेऊन बोलले.

"शास्त्रीबुवा, ही जखम कधीच भरली असती. ती रोज कुणीतरी उकरतंय."

"कोण?"

"दुसरं कोण असणार? तिची तीच. पण तुम्हाला सांगतो, हे असंच चाललं तर विष वर चढेल. हात जाईल. हातावर भागलं नाही तर पोरगी जाईल."

शास्त्रीबुवांच्या कपाळाची शीर उडायला लागली. त्यांना राहीच्या हाताची काळजी वाटली नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर आधी वाटला तो राग. इतक्या वर्षांत त्यांच्या मापाला कुणी फसवलं नव्हतं, आणि फसवावं कुणी, तर खाली मान घालून उभ्या राहणाऱ्या एका बाईनं! तिचा नवरा तिच्या खोटेपणापायी आत कुजतो आहे असंही त्यांच्या मनात आलं. स्वतः जाऊन तिला रंगेहाथ पकडायचं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी, ऊन वर आल्यावर, डोक्याला साधं मुंडासं बांधून ते नदीकाठी गेले. कांडपाच्या आवारात बायका रांगेनं उखळांशी उभ्या होत्या आणि मुसळं वरखाली होत होती. आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागावं. साळूमावशी दारातच सूप घेऊन बसली होती. पाठीत वाकलेली, पण नजर घारीची.

"काय पायजे, दादा?" ती ओरडली.

"पोहे!" शास्त्रीबुवा ओरडले. खोटं बोलणाऱ्यांना शिक्षा करण्यात ज्यांचा जन्म गेला, ते असे पहिल्याच शब्दाला खोटं बोलले.

"जाड का पातळ?"

हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. "दोन्ही," असं म्हणून ते ओट्यावर टेकले.

बसल्या बसल्या त्यांनी आवारात नजर फिरवली आणि त्यांना राही दिसली. उखळांच्या रांगेमागे, भिंतीच्या कडेला, घोंगडीवर ती गाढ झोपली होती. भर दिवसा, त्या सगळ्या दणदणाटात. इकडे नवरा तुरुंगात आणि ही खुशाल लोळते आहे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांचा राग आणखी चढला.

इतक्यात जेवणाची वेळ झाली. बायकांनी मुसळं भिंतीला टेकवली, हात धुतले आणि भाकऱ्या सोडल्या. पण एकीनं मुसळ ठेवलं नाही. ती एकटीच कांडत राहिली. धुप्प, धुप्प, धुप्प. शास्त्रीबुवा बघत होते. तिच्या उखळात धान नव्हतं, नुसता कोंडा होता.

"ती का जेवत नाही?" त्यांनी विचारलं.

"तिची पाळी हाय आज."

"कसली पाळी? उखळात तर काही नाही."

साळूमावशीनं सूप खाली ठेवलं. या पाहुण्याला सांगावं का नाही, याचा तिनं घटकाभर विचार केला असावा.

"ती पोर झोपलीय न्हवं, तिच्यापायी. आवाज थांबला की तिची झोप मोडती. रातच्याला कांडप बंद, तर रातभर डोळा लागत न्हाई तिचा. आढ्याकडं बघत बसती. मग दिवसाच झोपायला सांगितलं. जेवायच्या वक्ताला सगळ्याच थांबल्या की ती उठायची, म्हनून बायकांनी पाळ्या लावल्यात आपसात. म्या न्हाई सांगितलं त्यास्नी."

"लोकांना आवाजानं झोप येत नाही. हिला आवाज लागतो?"

"नवरा तिचा कोठावळा. कंबरंला किल्ल्या. त्या वाजत असल्या तवर काही न्हाई, घरात फिरतोय एवढंच. पन मारायच्या आधी तो किल्ल्या काढून कोनाड्यात ठेवायचा. सरकारी किल्ल्या पडल्या न् वाकल्या तर? लई जपनारा मानूस. तर किल्ल्यांचा आवाज थांबला, की हिनं समजायचं. किती वरसं तेच. आता कुटंबी गप्प झालं, की हिला वाटतं, आलाच."

तेवढ्यात कांडणाऱ्या बाईला जोराचा ठसका लागला. तिनं मुसळ टेकवलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

आवार शांत झालं. नदीवर कुणीतरी धुणं धूत होतं, तेही त्याच वेळी थांबलं.

घोंगडीवरची राही उठली नाही. तिचे डोळे मिटलेलेच होते. पण तिचं अंग उठलं. पाय पोटाशी आले, पाठ भिंतीला जाऊन भिडली, आणि जखमी हात वर जाऊन डोक्यावर आडवा धरला गेला. तशी ती झोपेतच थरथरत राहिली. तोंडातून आवाज नाही. जेवणाऱ्या बायकांपैकी एकीनं हातातला घास टाकला, धावत जाऊन मुसळ उचललं आणि कांडायला लागली. धुप्प, धुप्प. हळूहळू राहीचा हात खाली आला, मान कलली, आणि ती पुन्हा आडवी झाली.

शास्त्रीबुवांनी आयुष्यात हजारो जखमा बघितल्या होत्या. कोयत्याच्या, काठीच्या, बैलाच्या शिंगाच्या. त्या बघताना त्यांनी मान कधी फिरवली नव्हती. आज ते मान खाली घालून उपरण्याची घडी घालत होते आणि मोडत होते, पुन्हा घालत होते.

ऊन कलल्यावर राही जागी झाली. उठल्या उठल्या साळूमावशीजवळ येऊन तिनं विचारलं, "पाणी पिऊ का?"

"अगं पी की! तुझंच घर हाय," मावशी म्हणाली. मग शास्त्रीबुवांकडे वळून हळूच पुटपुटली, "आल्यापासनं हे असंच. घोटभर पान्यालाबी इचारती."

पाणी पिऊन राहीनं तांब्या खाली ठेवला आणि तिचं पाहुण्याकडे लक्ष गेलं. मुंडासं वेगळं होतं, पण दर पौर्णिमेला ती या माणसासमोर उभी राहत होती. तिनं ओळखलं. पळाली नाही. पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडून तिनं बाभळीचा एक काटा काढला आणि त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला.

"यानंच उकरते," ती म्हणाली.

"तू न्यायसभेला फसवलंस, राही."

"व्हय."

"का?"

"भरली की तुम्ही पानसुपारी देणार."

"हात जाईल तुझा. वैद्य म्हणतात, जीवही जाईल."

"म्हाईत हाय मला." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "शास्त्रीबुवा, तुम्ही दर खेपेला हातच बघता. मला दुसरं काय दाखवता येतंय का?"

शास्त्रीबुवांना अनेकांनी अनेक प्रश्न विचारले होते. राजानं विचारले होते, पंडितांनी विचारले होते. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. आपण गप्प राहिलो तर हिला काय होतं हे लक्षात आल्यावर त्यांनी घाईघाईनं बोटांनी ओटा वाजवायला सुरुवात केली.

"पौर्णिमेला ये," ते शेवटी म्हणाले. "तोवर जखमेला हात लावू नकोस."

"आन् भरली तर?"

याचंही उत्तर त्यांनी दिलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं वचन द्यायची त्यांना सवय नव्हती. राहीनं काटा उचलून पुन्हा गाठीत बांधला. त्यांनी तो मागितला नाही. पोहे मात्र मावशीनं बांधून दिले, जाडही आणि पातळही, आणि राज्याचे न्यायाधीश ते काखेत मारून भर रस्त्यानं घरी गेले.

पौर्णिमेपर्यंत शास्त्रीबुवांना अन्न गोड लागलं नाही. ज्या मापाचा जन्मभर अभिमान बाळगला, ते चुकीचं होतं असं त्यांना वाटत नव्हतं. कोयत्याच्या घावाला ते बरोबरच होतं. पण ते आखूड होतं. आणि आखूड मापानं आजवर आपण किती जणींना पानसुपारी देऊन परत पाठवलं, हा विचार मनात आला की हातातला घास हातातच राहायचा. त्यातल्या काही बायकांचे चेहरे त्यांना आठवायला लागले. तेव्हा ते चेहरे त्यांनी नीट बघितलेही नव्हते.

पौर्णिमा आली. न्यायसभा गच्च भरली, कारण राहीची जखम खोटी असल्याची बातमी कुठून तरी फुटली होती. गुणाजीला आणलं. तुरुंगात राहूनही त्याचा चेहरा प्रसन्न होता. त्यानं आल्या आल्या सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

वैद्यबुवांनी राहीचा हात बघितला आणि जे होतं ते सांगितलं. जखम भरू शकली असती, पण ती उकरली गेली. सभेत कुजबुज सुरू झाली. राहीनं मान वर केली आणि म्हणाली, "मीच उकरली."

प्रधान उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण कायद्याचा पक्का. "मग बोलायला काही उरलंच नाही. मापाप्रमाणे गुणाजी आज सुटला पाहिजे. आणि सभेला फसवल्याबद्दल या बाईला दंड झाला पाहिजे."

गुणाजीनं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यानं सगळ्यांना दिसेल असं पुसलं.

"दंड नको, शास्त्रीबुवा. बायकोच आहे माझी. एकदा माझा हात चुकला, त्याची शिक्षा मी भोगली. आता तिची चूक झाली, ती मी मोठ्या मनानं माफ करतो. चल राही, घरी चल."

"केवढा मनाचा मोठेपणा!" असं कुणीतरी म्हणालं, आणि पुष्कळ माना हलल्या. राहीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पानसुपारीचं तबक घेऊन शिपाई पुढे यायला निघाला. शास्त्रीबुवांनी हातानं त्याला थांबवलं.

"गुणाजी, तुला एक विचारतो. घरी आलास, की किल्ल्यांचा जुडगा कुठे ठेवायचास?"

"कमरेलाच असायचा. सरकारी जोखीम आहे ती. झोपतानासुद्धा उशाशी."

"कोनाड्यात नाही?"

"कोनाड्यात कधीतरी. म्हणजे, हात मोकळे हवे असले की..." गुणाजी बोलता बोलता थांबला.

"हात कशाला मोकळे हवे असायचे?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते तिथे कुणी विसरून गेल्यासारखं दिसत होतं. सभा चिडीचूप झाली. राहीची पाठ खांबाकडे सरकायला लागली, हात वर जायला लागला. शास्त्रीबुवांनी आपली काठी उचलली आणि ती फरशीवर एका लयीत आपटत राहिले, आणि आपटता आपटताच बोलले.

"मी कांडपावर गेलो होतो," त्यांनी सांगितलं. जे बघितलं ते सगळं सांगितलं. धान नसलेलं उखळ, बायकांच्या पाळ्या, मिटल्या डोळ्यांनी डोक्यावर गेलेला हात. "ती झोपलेली होती. मी तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं. झोपेत कुणाला सोंग करता येत नाही."

प्रधानांनी घसा खाकरला. "मला वाईट वाटतं, शास्त्रीबुवा. पण हे मोजणार कसं? उद्या जो तो उठेल आणि म्हणेल, माझ्या मनाला लागलंय. न दिसणाऱ्या गोष्टीवर शिक्षा द्यायची का?"

"पोटातलं दुखणं तरी कुठे दिसतं?" शास्त्रीबुवा म्हणाले. "वैद्यबुवा पोट दाबून बघतात. खातो काय, झोपतो किती, आधी कसा होता, ते घरच्यांना विचारतात. आणि सोंगही ओळखतात. दिसत नाही म्हणून ते रोग्याला घरी पाठवत नाहीत. आपण पाठवत आलो. बघायला कष्ट पडतात, म्हणून आपण बघितलंच नाही."

"पण मी एकदाच मारलं हो तिला अडसरानं!" गुणाजी ओरडला. साखर कुठल्या कुठे गेली होती. "एका फटक्यासाठी किती दिवस बसू आत?"

शास्त्रीबुवा त्याच्याकडे वळले. काठी चालूच होती.

"तुझं मारणं त्या दिवशी थांबलं, गुणाजी. तिचं मार खाणं अजून थांबलेलं नाही. तू कोठडीत असतोस तेव्हासुद्धा ती तो मार खात असते. मग तुझी शिक्षा तरी कशी संपेल?"

मग त्यांनी निकाल दिला. त्या दिवशी त्यांनी लवंग तोंडात टाकली नाही. गुणाजीची कोठारावरची नोकरी गेली. तो तुरुंगातच राहील, आणि किती काळ, ते नुसत्या हाताच्या कातडीवरून ठरणार नाही. दरवर्षी सुगीनंतर न्यायाधीश स्वतः जाऊन राहीला भेटतील, तिच्या भोवतीच्या माणसांना विचारतील, ती झोपते का, ताट घेऊन बसते का, पाणी विचारून पिते का ते बघतील, आणि मग ठरवतील. सुटला, तरी तो नदीच्या अलीकडे कधी राहणार नाही. पानसुपारी होणार नाही. राही नांदायला जाणार नाही.

"आणि सभेला फसवल्याचा दोष?" प्रधानांनी विचारलं, पण आता त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

"तिनं फसवलं हे खरं. पण खरं सांगायला या सभेनं तिला जागाच ठेवली नव्हती. तो दोष तिचा नाही, माप घालून देणाऱ्याचा आहे. तो मी माझ्या पदरात घेतो." एवढं बोलून त्यांनी सगळ्यांसमोर राहीला हात जोडले.

राहीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. निकाल तिला समजायला थोडा वेळ लागला. नांदायला जायचं नाही, हे शब्द तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून बघितले. शिपाई गुणाजीला घेऊन गेला, त्याच्या मागे दार लागलं. मग तिनं पदराची गाठ सोडली, काटा जमिनीवर टाकला, आणि वैद्यबुवांपुढे येऊन आपला हात लांब केला.

"आता औषध लावा," ती म्हणाली. "आता भरू दे."

वैद्यबुवांनी तिथेच, न्यायसभेच्या फरशीवर मांडी घातली आणि लेप लावायला घेतला. तो झोंबत होता. राहीनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोकळेपणानं हुंदका दिला, आणि कुणीही तिला गप्प केलं नाही.

हाताची जखम थंडी संपायच्या आत भरली. आतल्या जखमेला फार वर्षं लागली, आणि ती पुरती भरली असं राही कधीच म्हणाली नाही. पण शास्त्रीबुवा दर सुगीला जात राहिले, आणि त्यांच्यामागून आलेल्या न्यायाधीशांनाही जावं लागलं, कारण तोच त्या राज्याचा नियम झाला. शेजारच्या राज्यांतली माणसं पुढेही न्याय शिकायला यायची. शास्त्रीबुवा आता त्यांना आवडतं वाक्य ऐकवत नसत. ते त्यांना घेऊन कुणाच्या तरी घरी जात, ओट्यावर बसवत आणि सांगत, "बोलू नका. आधी नुसतं बघा."

तात्पर्य: अंगावरचा घाव भरला म्हणून अन्याय संपत नाही, मनावरचा घाव जो मोजत नाही, त्याचा न्याय अपुरा राहतो.